हेतु असिद्ध

कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांतील तर्कप्रश्नांवर सूचना असते: विधाने सर्वविदित वस्तुस्थितीशी विसंगत वाटली, तरी सत्य मानावीत. ‘सर्व हत्ती पक्षी आहेत, सर्व पक्षी उडतात’ असे दिल्यास, दरवर्षी दसऱ्याची जंबू सवारी पाहणाऱ्या म्हैसूरच्या उमेदवारालाही हत्ती उडवावाच लागतो! परीक्षेपुरते हे आम्हांस रास्त वाटते. युक्तिवादाचा आकार तपासावयाचा, तर आशय बाजूस ठेवणे प्राप्तच आहे. नैयायिक मात्र पहिल्याच पायरीवर अडवील: हत्तीच्या ठायी पक्षित्वच नाही, म्हणून हेतु असिद्ध. सेवापुस्तकातील चुकीची जन्मतारीख गृहीत धरून काढलेला निष्कर्षही निर्दोषच असतो; वेळेआधी घरी बसतो तो मात्र खरा माणूस. अशा फायलीवर ‘मूळ दाखला पाहावा’ असे लिहिणे आम्ही आगाऊपणा समजत नाही.