नाव तेवढं राहू द्या

साकोली तालुक्यातल्या एका गावात मालगुजारी तलावाखाली साऱ्या गावाच्या बांध्या आहेत. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी पाळीनं मिळतं आणि पाळ्यांची वही एका म्हाताऱ्याकडे असे. गाव त्याला आबाजी म्हणे. कुणाची जमीन किती, कुणाला किती तास पाणी, मध्येच पाऊस झाला तर बुडालेली पाळी पुढच्या फेरीत कुठे बसवायची, सगळं त्या वहीत. पाण्यावरून धुऱ्यावर तंटा झाला की वही यायची, आणि वही आली की तंटा मिटायचा.

नागपूरला कॉम्प्युटर शिकणाऱ्या त्याच्या नातीनं एका उन्हाळ्यात ही वही फोनमध्ये आणली. नाव आणि एकर भरले की पाळ्या आपोआप लागायच्या, पाऊस नोंदवला की पुढच्या तारखा सरकायच्या. आबाजीनं दोन फेऱ्या वही आणि फोन शेजारी ठेवून ताडून पाहिल्या आणि मगच मान हलवली. नातीनं प्रोग्रामचा सगळा सोर्सकोड गिटहबवर टाकला. ज्याला लागेल त्यानं घ्यावा, असं तिच्या मनात होतं. मनात होतं, लिहिलेलं कुठेच नव्हतं.

काही महिन्यांनी पवनी तालुक्यातल्या एका मुलाचा निरोप आला. "ताई, तुमचा प्रोग्राम आमच्या तलावासाठी वापरू का? आमचे सर म्हणतात, परवाना लिहिलेला नाही तर हात लावू नका."

तिला नवल वाटलं. उघड्यावर तर ठेवलाय! पण सरांचं खरं होतं. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो. लिहिला त्या क्षणापासून सगळे हक्क लिहिणाऱ्याचे असतात, त्यासाठी नोंदणीही लागत नाही. कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवला म्हणून तो घेण्याची, बदलण्याची, पुढे वाटण्याची मुभा कुणाला मिळत नाही. बेफिकीर माणूस अशा वेळी विचारतच नाही, आणि प्रामाणिक माणूस परत जातो. तोंडातल्या तोंडात दिलेलं दान नेमकं चांगल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं.

मग ती परवाने वाचायला बसली. एक वाट कडक होती. जीपीएल म्हणतं, घ्या, बदला, विकासुद्धा; पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिलात तर त्याचा सोर्सकोडही याच अटींवर द्या. लिनक्सचा गाभा याच परवान्याखाली आहे. दुसरी वाट मोकळी होती. अमेरिकेतल्या विद्यापीठांतून निघालेले एमआयटी आणि बीएसडी हे परवाने, आणि २००४ चा अपाची २.०. यातला एमआयटी इतका छोटा, की चहा संपायच्या आत वाचून होतो. वापरा, उतरवून घ्या, बदला, दुसऱ्या कामात मिसळा, वाटा, विका. फुकट, आणि कुणालाही. अट एकच: प्रत्येक प्रतीत मूळ हक्कदाराच्या नावाची ओळ आणि हा परवाना जसाच्या तसा राहू द्या. शेवटी मोठ्या अक्षरांत एक सूचना: हे जसं आहे तसं दिलं आहे, हमी कसलीच नाही, नुकसान झालं तर लिहिणारा जबाबदार नाही. अपाची यापेक्षा लांब आहे; बदललेल्या फायलींवर बदल केल्याचं लिहायला लावतो आणि पेटंटचा प्रश्नही आधीच मिटवतो. तिच्या एवढ्याशा कामाला एमआयटी पुरेसा होता.

तिनं आबाजीला वाचून दाखवला.

"म्हंजे कोनीही विकू शकते?"

"हो, आबाजी."

"मंग तुले काय रायते?"

"नाव."

आबाजी म्हणाला, "तेच तर दादाजीचं नाई रायलं."

दादाजी म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. पवनीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुका, त्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शेती थोडकी, शाळा त्याहून थोडकी. १९८३ च्या सुमारास पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या काढल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या. दाणा बारीक, भात चवीला उत्तम. मागेल त्याला ते बियाणं देत गेले. धान बाजारात गेलं तेव्हा त्याला नाव नव्हतं, म्हणून त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव पडलं: एचएमटी. १९९८ साली कृषी विद्यापीठानं पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित केलं. मूळ बियाणं आपलं आहे, हे दादाजी अखेरपर्यंत सांगत राहिले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानं त्यांचा सन्मान केला, वर्तमानपत्रांत नाव आलं; पण ३ जून २०१८ ला ते गेले तोवर त्यांच्या धानाचा भात खाल्लेल्या बहुतेकांना ते कोण हे माहीत नव्हतं. त्यांच्या पुढच्या वाणांची नावं पाहा: डीआरके, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर. आपली आद्याक्षरं, आपलं गाव. बियाणं देणं त्यांनी थांबवलं नव्हतं.

"आपनही तेच धान पेरलं," आबाजी म्हणाला. "सोयऱ्यानं पायलीभर आनून देल्लं. कोनं काढलं म्हून मी बी नाई इचारलं. पोत्यावर घड्याळाचं नाव होतं, तेच घेतलं तोंडात. तू लिहून दे, पोरी."

तिनं परवान्याची फाइल जोडली. वर्ष, नाव, आणि खाली एमआयटीचा मजकूर. पवनीच्या मुलानं त्याच रात्री प्रोग्राम उतरवून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका कंपनीचं ॲप लाखांदूरकडे विकलं जाऊ लागलं. हंगामाचे पैसे भरा, पाळ्या फोनवर पाहा. पडद्याचा रंग वेगळा, आतले हिशेब तिचेच; पावसानं बुडालेल्या पाळीचा आबाजीचा नियमसुद्धा तसाच. तिचे वडील संतापले. "तुनं फुकट देल्लं अन् हे पैसे छापून रायले. केस ठोक."

विकण्यावर केस होत नव्हती; विकायची मुभा तिनंच लिहून दिली होती. तिनं ॲपचा कोपरान् कोपरा शोधला. तिचं नाव कुठेच नव्हतं. इथे मात्र तिची बाजू पक्की होती. परवानगी अटीवर दिलेली असते. अट मोडली की परवानगीचा आधार सुटतो आणि उरते ती कॉपीराइटचा भंग केलेली नक्कल. तिनं कंपनीला पत्र लिहिलं. पैशाचा उल्लेख केला नाही. लिहिलं ते इतकंच, की तुम्ही विकता त्याला माझी हरकत नाही, माझ्या नावाची ओळ आणि परवाना तेवढा ॲपमध्ये ठेवा.

वडिलांना हे मागणं भिकेसारखं वाटलं. तिनं त्यांचाच फोन हातात घेतला. सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग लीगल इन्फर्मेशन, त्यात थर्ड पार्टी लायसन्सेस. बारीक अक्षरांतली यादी उघडली. ती बोटानं वर सरकवत राहिली, यादी संपेना. माणसांची नावं, वर्षं, पुन्हा नावं. मध्येच 'द रीजेंट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया', म्हणजे बीएसडी जिथून आलं ते बर्कलेचं विद्यापीठ. "हे सगळे फुकट देनारे. एवढी मोठी कंपनी फोन विकते, पन यांची नावं तिले ठेवाच लागतात." वडिलांनी चष्मा लावून यादी पाहिली. राग गेला नाही, पण केसचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

कंपनीचं उत्तर आलं दोन ओळींचं, आणि पुढच्या आवृत्तीत 'ॲपविषयी' या पानावर तिचं नाव आलं.

आणि त्या नावाचा माग काढत एप्रिलमध्ये एक शेतकरी दारात येऊन उभा राहिला. लाखांदूर तालुक्यातला, डोळे झोपेविना लाल. त्यांच्याकडे पाणी रात्रीही सुटतं. अकराला सुरू झालेली पाळी बारा ओलांडून गेली की ॲप तारीख चुकवत होतं. एकाच वेळेला दोघांना पाळी दाखवली गेली, दोघं फावडी घेऊन एकाच तोंडाशी आले आणि प्रकरण हातघाईवर गेलं. "पैसे कंपनीनं घेतले, पन नाव तुमचं हाय," तो म्हणाला.

चूक तिचीच होती. आबाजीच्या वहीत दिवस मावळला की तलावाचं तोंड बंद होई, त्यामुळे मध्यरात्र तिच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. परवान्यातल्या मोठ्या अक्षरांनुसार तिच्यावर जबाबदारी नव्हती. ते वाक्य तिनं त्या माणसासमोर उच्चारलं नाही. नाव ठेवा म्हणून मागितलं तर त्या नावाला हाक मारणाऱ्याला ओ द्यावी लागते, असं तिला वाटलं, आणि मला ते बरोबर वाटतं. कायदा जिथे सोडतो तिथे माणसानंही सोडावंच असं नाही.

त्या माणसाला चहा देऊन तिनं पवनीच्या मुलाला फोन लावला. दोघांनी मिळून चूक शोधली, मुलानं दुरुस्ती लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी कळलं, की कंपनीनं ही चूक आधीच ओळखून आपल्या नव्या आवृत्तीत सुधारली होती. या शेतकऱ्याच्या फोनवर जुनी आवृत्ती राहून गेली होती. तिला कुणी कळवलं नव्हतं. कळवणं बंधनकारक नव्हतंच; जीपीएल असता तर ॲप घेणाऱ्याला सुधारलेला कोड मागता आला असता.

"आता तरी बदल ते कागद," वडील म्हणाले.

"पुढचं नवं लिहीन ते कडक परवान्यानं देता येईल, बाबा. हे देऊन झालं, ते परत घेता येत नाही. अन् हे मोकळंच राहू द्या. त्या पोरानं दुरुस्ती पाठवली ना, त्याले कुठं कोन्या अटीनं बांधलं होतं?"

परवान्याच्या फाइलीत तिनं आपल्या नावाखाली पवनीच्या मुलाचं नाव लिहिलं. मग आबाजीला विचारलं, पावसानं बुडालेल्या पाळीचा नियम कुणाचा?

"माह्या बापाच्या वक्ताचा. त्याच्याबी आधीचा असंन. तलावाखालच्या साऱ्याइनं मिळून ठरवला."

तिनं तिसरी ओळ घातली: पाळीचे नियम, तलावाखालचे शेतकरी, आणि पुढे गावाचं नाव. दुरुस्त आवृत्ती गिटहबवर चढवली आणि तिचा दुवा कंपनीलाही पाठवला.