दोष हाताचा कीं यंत्राचा?

माणसाच्या हातून काम बिघडलें म्हणजे दोष त्याचा कीं त्याच्या उपकरणाचा, हा वाद फार जुना आहे. आणि ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ या म्हणीनें मराठी माणसानें त्याचा निकाल केव्हांच लावून ठेवला आहे. अंगण खरोखरच वांकडें असूं शकेल ही शक्यता त्या म्हणीनें हंसण्यावारी नेली. या निकालाविषयीं मला कधीं शंका आली नव्हती. ती आली ती कोपरींतील एका अगदीं लहानशा प्रकारामुळें, आणि त्या प्रकारांत अंगण वांकडें करणारा मीच होतों.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ज्या ठाण्यास येऊन थांबली, तेथील रुळांच्या पूर्वेस कोपरी आहे. आमच्या इमारतींत शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ राहतात. लहानथोर सारे त्यांना नाना म्हणतात. बँकेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यापासून गृहनिर्माण संस्थेचे हिशेब तेच ठेवतात, आणि ते संगणकावर ठेवतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज-१० या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. पुढच्या विंडोज-११ ला यंत्रांत सुरक्षेची जी विशिष्ट सोय असावी लागते, ती नानांच्या जुन्या यंत्रांत नव्हती. यंत्र धडधाकट होतें. केवळ दूरच्या कोणी तरी त्याला म्हातारें ठरविलें होतें. तेव्हां मीं पुढाकार घेऊन त्यावर लिनक्स घालून दिलें. एक पैसा खर्च झाला नाहीं, यंत्र पूर्वीपेक्षां चपळ झालें, आणि परोपकाराच्या समाधानांत मी घरीं गेलों.

दीड महिन्यानें नानांनीं खजिनदारपदाचा राजीनामा दिला. ‘हात कांपूं लागल्यामुळें’ एवढेंच कारण त्यांत लिहिलें होतें. त्याच्या आदल्या रविवारीं सभेंत जें घडलें तें मला मागाहून समजलें. एका बिऱ्हाडानें भरलेले पैसे खालच्या ओळींत, म्हणजे शेजाऱ्याच्या नांवावर, जमा झाले होते. पैसे भरणाराच्या नांवावर थकबाकी निघाली, आणि त्यानें चार माणसांदेखत नानांना जाब विचारला होता.

येथें यंत्राची थोडी माहिती सांगणें भाग आहे. टेबलावरचा माउस पडद्यावरच्या बाणाला कोठें जावें हें सांगत नाहीं. ‘मी इतकीं पावलें सरकलों’ एवढाच निरोप तो पाठवितो. त्या पावलांना कितीनें गुणून बाण पुढें न्यावयाचा, हें प्रणाली ठरविते. विंडोजमध्यें २००१ सालच्या एक्स-पीपासून अशी योजना आहे कीं हात सावकाश हलला तर गुणक लहान आणि झपाट्यानें हलला तर मोठा. आणि मुद्दाम बंद केली नाहीं तर ती चालूच असते. लिनक्सवरही ही योजना मिळते; पण तेथें दुसरी एक सपाट पद्धतिही निवडतां येते, जींत हात हळू चालो कीं जोरानें, गुणक बदलत नाहीं. मला ही सपाट पद्धति अधिक सचोटीची वाटते. हात जेवढा हलला तेवढाच बाण हलावा, यंत्रानें मध्यें चतुराई करूं नये, असा माझा ग्रह आहे. तोच ग्रह मीं नानांच्या यंत्रावर बसवून दिला. चक्र फिरविलें असतां पान वर जावें कीं खालीं, ती दिशाही माझ्या घरच्या रीतीप्रमाणें उलटी केली. नानांना विचारलें नाहीं. विचारण्यासारखें त्यांत कांहीं आहे असें मला वाटलेंच नाहीं.

परिणाम असा झाला कीं वृद्ध हाताचा जो बारीक कंप जुनी प्रणाली लहान गुणकानें जिरवून टाकीत होती, तो आतां जसाच्या तसा पडद्यावर उमटूं लागला. बाण योग्य चौकटींत जाई आणि दाबतांना एका ओळीनें खालीं घसरे. नानांनीं दोष स्वतःकडे घेतला. ज्याला यंत्राच्या पोटांतील व्यवस्था ठाऊक नाहीं त्याला दुसरा निष्कर्ष काढतांच येत नाहीं.

मला हें कळल्यावर मी धांवत त्यांच्याकडे गेलों आणि सारें समजावून सांगितलें. माझी अपेक्षा होती कीं त्यांना हायसें वाटेल. ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहात बसले, मग म्हणाले, “म्हणजे हात पूर्वींही कांपतच होता. मग अरे, इतकीं वर्षें मी स्वतःला नेटका समजत आलों, तो नेटकेपणा माझा, कीं त्या खिडकीवाल्यांचा?”

“तुमचाच, नाना,” असें मीं चटकन् म्हटलें. तें उत्तर सौजन्याचें होतें. खरें होतें कीं नाहीं, याचा विचार मीं नंतर केला.

आमच्या नैयायिकांनीं संस्कार नांवाचा एक गुण मानून त्याचे तीन प्रकार केले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत ही त्रयी आली आहे. वेग म्हणजे सुटलेल्या वस्तूला पुढें नेणारा जोर; भावना म्हणजे अनुभवानें मागें ठेवलेलें आणि स्मृति उत्पन्न करणारें बीज; स्थितिस्थापक म्हणजे गुंडाळलेली चटई सोडतांच ती ज्यायोगें पूर्ववत् होते तो गुण. या तीन निराळ्या गोष्टी एका नांवाखालीं कां घातल्या, हें कोडें मला पूर्वीं कधींच उलगडलें नव्हतें. नानांच्या टेबलाशीं तें थोडेंसें उलगडल्यासारखें वाटलें. बाणाला वेग होता, हाताला आठवण होती, आणि आठवण मोडली कीं हात पुनःपुनः जुन्या वळणावर जात होता. परंतु शास्त्रकारांनीं भावना ही केवळ आत्म्याच्या ठायीं मानली आहे. तेथें मात्र माझें समाधान होईना. नानांच्या हातानें वीस-बावीस वर्षांत जें कमावलें, त्यांतला अर्धा भाग त्यांच्या बोटांत होता आणि अर्धा भाग त्या गुणकांत होता. बोटें गुणकाला ओळखून वळत, आणि गुणक बोटांचा दोष पोटांत घाली. एखाद्या गवयाचा तंबोरा त्याच्या नकळत दुसऱ्या पट्टींत लावून ठेवावा आणि मग बैठकीनें म्हणावें कीं बुवांचा गळा गेला, तसाच हा प्रकार. गळा बुवांचाच, पण सूर केवळ गळ्यांत नसतो. नानांचा नेटकेपणा नानांचाच होता, मात्र तो सारा त्यांच्या कातडीच्या आंत नव्हता. आणि जो भाग बाहेर होता तो मीं एका संध्याकाळीं, चहा घेतां घेतां, काढून टाकला होता.

याच्या उलट एक बळकट पक्ष आहे, आणि गंमत अशी कीं तो माउसच्या जनकाचाच आहे. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेवरून १९६४ सालीं पहिला माउस तयार झाला; एक लांकडी पेटी व तिच्या खालीं दोन चाकें, असें त्याचें रूप होतें. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्यानें तो जाहीर सभेंत चालवून दाखविला. त्यापूर्वीं, १९६२ च्या आपल्या अहवालांत, त्यानें एक मौजेचा प्रयोग वर्णिला आहे: पेन्सिलीला वीट बांधून लिहावयास लावलें, तर लिहिणें किती मंद आणि बेढब होतें! उपकरण जड झालें कीं नुसता हातच नव्हे, विचारही जड होतो, हें त्याला दाखवावयाचें होतें. पण म्हणून उपकरण जेवढें सोपें तेवढें चांगलें, असें मात्र तो म्हणत नसे. तीनचाकी सायकल शिकावी लागत नाहीं, तरी शहाणा माणूस दोनचाकीच शिकतो, असा त्याचा दृष्टान्त असे. माणसानें चांगल्या उपकरणासाठीं स्वतःला घडवावें. सवयीची सबब सांगून उपकरणाला खालीं ओढूं नये.

हा पक्ष मला मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच तो माझ्या कृत्याला लावतां येत नाहीं हें कबूल करणें मला जड जातें. नाना कांहीं सवयीचे गुलाम नव्हेत. तरुणपणीं ते मराठी टंकलेखन शिकले. तेथें ऱ्हस्व वेलांटी आधीं उठवावी लागे आणि अक्षर मागून. साठी उलटल्यावर ते संगणकासाठीं इन्स्क्रिप्ट शिकले. तेथें अक्षर आधीं आणि वेलांटी मागून. एवढें उलटें वळण त्यांनीं बोटांना लावलें, तक्रार केली नाहीं. पण तें त्यांनीं जाणून, आपल्या हौसेनें केलें होतें; चुकलें तर कशामुळें चुकलें हें त्यांना ठाऊक होतें. योगशास्त्रांत चित्ताला आवर घालण्यास अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले आहेत. जुनी सवय सोडणें हें एक प्रकारचें वैराग्यच म्हणावें. परंतु दुसऱ्यानें न सांगतां करविलेलें वैराग्य म्हणजे जप्ती.

सरकारें सुद्धां याहून अधिक मर्यादेनें वागतात. १ एप्रिल १९५७ रोजीं सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, तेव्हां साऱ्या देशाच्या बोटांवरचा हिशेब एकाच दिवशीं बदलावयाचा होता. पण तो बदल अगोदर जाहीर झाला होता. जुनीं नाणीं नव्यांच्या बरोबर कांहीं काळ चालूं दिलीं होतीं. आणि नाण्याला ‘नया पैसा’ असें स्पष्ट नांव दिलें होतें. तें ‘नया’ विशेषण १ जून १९६४ पासून, म्हणजे सात वर्षांनीं, गळलें. नवें जें आहे त्याला नवें म्हणावें, एवढी साधी सचोटी त्यांत होती. याच्या शेजारीं ॲपल कंपनीची रीत ठेवून पाहावी. २०११ सालीं तिनें आपल्या संगणकांवर पान सरकविण्याची दिशा उलटी केली आणि त्या उलट्या दिशेला नांव दिलें ‘नैसर्गिक’! म्हणजे त्या दिवसापर्यंत कोट्यवधि माणसें निसर्गाविरुद्ध वागत होतीं आणि त्यांना पत्ताही नव्हता. आपली आवड ही सृष्टीचा नियम म्हणून मिरविण्याची ही खोड कंपन्यांनाच आहे असें मात्र म्हणवत नाहीं. माझ्या सपाट पद्धतीला मीं ‘सचोटीची’ म्हटलें, त्यांत वेगळें काय केलें?

पुढें व्यवस्था पूर्ववत् करावयास बसलों तों नवीनच अडचण निघाली. नानांची नात अभ्यासासाठीं त्याच संगणकावर बसत असे, आणि तिला दीड महिन्यांत माझी पद्धति अंगवळणी पडली होती. प्रत्येकाचें खातें वेगळें केलें तर प्रत्येकाला आपापली गति मिळते. हें मीं सुचविलें.

“एका घरांत दोन चुली नकोत रे,” नाना म्हणाले.

“चूल नव्हे, नाना, चष्मा समजा. तो तर तुमचा वेगळाच आहे ना?”

हें त्यांना पटलें. गतीची मोजपट्टी मात्र त्यांनीं मला सरकवूं दिली नाहीं. जुनी होती तेथेंच नेऊं, असें मी म्हणत होतों. ते एक एक घर पुढें जात, पांच-दहा नोंदी करून पाहात, पुन्हां मागें येत. शेवटीं ते जेथें थांबले ती गति ना विंडोजची होती, ना माझी.

सभेंत मीं उभें राहून सांगितलें कीं त्या नोंदीची चूक माझ्यामुळें झाली. नाना लगेच म्हणाले, “यंत्र त्यानें बदललें हें खरें. नोंद माझ्या हातची आहे.” त्यांनीं राजीनामा परत घेतला, परंतु यापुढें दर महिन्याच्या नोंदी दुसऱ्या सभासदानें ताडून पाहाव्या, असा ठरावही स्वतःच मांडला. हात कांपतो हें आतां आपल्याला कळलें आहे, तेव्हां तें न कळल्यासारखें वागतां येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. शेजाऱ्यानें त्या ठरावाला अनुमोदन दिलें आणि तो कांहींसा ओशाळला.

परवां कांहीं कामासाठीं त्यांच्याकडे गेलों होतों. पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटविलेली दिसली. तींत वळणदार अक्षरांत गतीचें घर, चक्राची दिशा आणि तारीख लिहिलेली होती. आणि त्याखालीं, बँकेच्या जुन्या पद्धतीप्रमाणें दोन रेघांच्या मध्यें: ‘विचारल्यावांचून बदलूं नये.’