वाडीतल्या मांजरीच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा?

सिंधुदुर्गातल्या मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तालुक्यांतल्या मच्छीमार वाड्यांत मांजर हौसेपोटी पाळले जात नाही. मांगरात रचलेली जाळी, कणगीतले भात, माळ्यावरचे नारळ उंदरांपासून वाचावेत म्हणून ते घराभोवती असावे लागते. त्याला विकतचे खाद्य मिळत नाही. दुपारी घरातली बाई मागील दारी विळी घेऊन बांगडे साफ करायला बसली की कल्ले आणि आतडी बाजूला पडतात आणि शेजारपाजारची सगळी मांजरे तिथे गोळा होतात. एकाच मांजरीला एका घरी भात, दुसऱ्या घरी बांगड्याचे डोके आणि तिसऱ्या घरी विण्यासाठी लाकडांच्या राशीमागचा कोपरा मिळतो. ती सगळ्यांची असते, म्हणूनच तिच्यावर पैसे खर्च करण्याची वेळ आली की कोणाचीच नसते. नसबंदीचा प्रश्न इथे अडतो.

मांजरी पाच-सहा महिन्यांत वयात येते, काही तर चौथ्या महिन्यातच. गर्भ साधारण 63 ते 65 दिवसांचा, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मांजरीचा माज दिवसाच्या उजेडावर अवलंबून असतो. थंड देशांत हिवाळ्यात तो थांबतो. कोकणात ही विश्रांती तिला जवळपास मिळतच नाही. वर्षाला दोन-तीन वेते सहज होतात. पावसाळ्यात जन्मलेली बरीच पिल्ले सर्दीने आणि जुलाबाने दगावतात. जगलेली पिशवीत घालून मासळी बाजारात किंवा जेटीवर सोडली जातात. तिथे मासे असतात, ती जगतील, अशी सोडणाऱ्यांची समजूत असते. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत जेटीवर खाण्यासारखे काही उरत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. दंड वाढवला तरी प्रश्न सुटणार नाही, कारण पिल्ले सोडणाऱ्या घरापुढे दुसरा मार्ग ठेवलेलाच नसतो.

दुसरा मार्ग म्हणजे शस्त्रक्रिया. बोक्याची काही मिनिटांत होते, बहुधा टाकेही लागत नाहीत. मांजरीचे मात्र पोट उघडून बीजकोश आणि गर्भाशय काढावे लागते. भूल, निर्जंतुक साहित्य आणि सरावाचा हात लागतो. भुलीसाठी सर्रास वापरले जाणारे केटामीन कडक नियंत्रणाखालचे औषध आहे, ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. ही शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायची असते, पशुधन पर्यवेक्षकाला ती करता येत नाही. त्यामुळे खासगी दवाखान्यातला खर्च हजारांत जातो. रापण ओढून किंवा पाटी घेऊन मासे विकून घर चालवणाऱ्या कुटुंबाला तो पेलत नाही, आणि त्यात कुडाळ, सावंतवाडी किंवा थेट गोवा-कोल्हापूर गाठण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस धरलेला नाही. हा बुडालेला दिवसच पुष्कळदा शस्त्रक्रियेहून जड पडतो. स्वस्त पर्याय म्हणून माज थांबवणारी संप्रेरकाची इंजेक्शने सुचवली जातात. त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनाच्या गाठींचा धोका वाढतो, आणि मांजरीतल्या अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात. उलट पहिल्या माजाच्या आधी नसबंदी झाली तर हाच धोका खूप घटतो. गरिबाच्या मांजरीला कमी प्रतीचा उपाय देऊन वेळ मारून नेणे कोणत्याच अर्थाने स्वस्त नाही.

कायद्याची मांडणीही या मांजरीला सोयीची नाही. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम मुख्यतः भटक्या कुत्र्यांसाठी आहेत. त्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आणि पाळीव प्राण्याची मालकावर. वाडीतले मांजर या दोन्हींच्या मधले. मुंबई महापालिकेने भटक्या मांजरांच्या नसबंदीचे काम हाती घेतले, पण महापालिकेची यंत्रणा आणि पैसा मालवण नगरपरिषदेकडे नाही, ग्रामपंचायतीकडे तर नाहीच. शेजारच्या गोव्यात 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेने सरकारच्या साथीने घरोघर जाऊन कुत्र्यांचे लसीकरण केले. जनावराने दवाखान्यापर्यंत येण्याची वाट न पाहता दवाखाना वाडीपर्यंत गेला, हे त्या कामातले घेण्यासारखे.

सिंधुदुर्गात यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. त्यांचा वेळ गुरांचे लसीकरण आणि कृत्रिम रेतन यांत जातो, तरी वर्षातले मोजके दिवस त्यांची जागा नसबंदीच्या शिबिरासाठी मिळू शकते. 2001 च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. बाहेरून सराईत पशुवैद्यक बोलावणे, औषधे मिळवणे आणि हिशेब ठेवणे हे तिचे काम व्हावे. तयारी नीट असेल तर सराईत पशुवैद्यक एका मदतनीसाला घेऊन दिवसाला वीसेक मांजरांच्या शस्त्रक्रिया करू शकतो. पैसे कमी असतील तर आधी मांजरी घ्याव्यात, कारण दहा बोक्यांची नसबंदी करून अकरावा मोकळा राहिला तरी वाडीतली पिल्ले कमी होत नाहीत. शिबिर दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत ठेवावे: जखम स्वच्छ राहते आणि मासेमारीचा हंगाम चालू असल्याने घरात थोडा पैसा असतो. नावनोंदणी महिला बचत गटांनी केली तर कोणती मांजरी कोणाच्या मागील दारी येते हे विचारावेही लागणार नाही. घराकडून नाममात्र शुल्क घ्यावे आणि उरलेला खर्च ग्रामपंचायत व मच्छीमार सोसायटीने उचलावा. हा उपकार नव्हे. जाळी आणि भात राखण्याचा लाभ सगळ्या वाडीला होतो आणि जेटीवर सोडलेल्या पिल्लांचा त्रासही सगळ्यांनाच, तेव्हा खर्च एका घरावर टाकणे न्याय्य नाही. रेबीजची लसही त्याच वेळी टोचून घेता येते.

नसबंदीने मांजर आळशी होते आणि उंदीर धरत नाही, ही समजूत किनाऱ्यावर घट्ट आहे. प्रत्यक्षात शिकारीची ओढ तशीच राहते. एक वेत तरी होऊ द्यावे, यालाही वैद्यकीय आधार नाही. खरी अडचण उपाशी ठेवण्याची. भुलीआधी मोठ्या मांजराच्या पोटात काही तास अन्न नसावे, आणि जिथे दारोदार मासे साफ होतात तिथे हे सांगून साधत नाही. आदल्या रात्रीच तिला कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडावे लागते आणि सकाळी त्याच डालग्याला जुन्या जाळ्याचा तुकडा बांधून शिबिरात आणता येते. पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत. घरी आल्यावर पहिली रात्र कोरड्या, उबदार जागी बंद ठेवणे आणि जखम सुजली किंवा चिघळली तर लगेच दाखवणे, एवढी काळजी कोणत्याही घराला घेता येते. भूल असतानाच डाव्या कानाचे टोक सरळ कापून खूण करायची असते. तीन घरांत तीन नावांनी हाक मारल्या जाणाऱ्या मांजरीचे पोट पुढच्या शिबिरात पुन्हा उघडले जाऊ नये, यासाठी तेवढी खूण पुरते.