विटाळ कोणत्या दिशेने जातो?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत अनेक घरांत मूल जन्मलं की अजूनही दहा दिवस सोयर पाळतात. देव्हाऱ्याला हात लावायचा नाही आणि बाळंतिणीला शिवलं तर आंघोळ करायची. विटाळ बाईच्या अंगातून निघतो आणि इतरांना लागतो, हे त्यामागचं गृहीत. बाळंतपणानंतर क्वचित होणारा डोळ्याच्या आतला बुरशीसंसर्ग नेमकं याच्या उलट सांगतो. कॅन्डिडा ही बुरशी कित्येक धडधाकट माणसांच्या आतड्यात मुकाट राहते. सोवळ्यातले भटजीही त्याला अपवाद नाहीत. बरेच दिवस ठेवलेली सलाईनची सुई, लांबलेली अँटिबायोटिक्स किंवा गर्भाशयातला संसर्ग यांतून तिला रक्ताची वाट सापडते आणि ती डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचते. म्हणजे जिचा विटाळ मानला, धोका तिच्याकडेच चाललेला असतो.

यावर म्हणतील, सोयर ही जुन्या काळची स्वच्छताच होती. बाळंतिणीला विसावा मिळे, गर्दी दूर राही. विसाव्याचं खरं आहे. पण हेतू स्वच्छतेचा असता तर तिला शिवण्याआधी हात धुवायला सांगितलं असतं. रूढी शिवल्यानंतर आंघोळ सांगते. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना तपासणीआधी हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धर्मातली शुद्धी जंतूंची नसतेच, ती मनाची असते. मग तिने पाण्याला आणि देहाला हात घालू नये. अलिबाग-श्रीवर्धनच्याच जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी पाण्यात शेण-गोमूत्र मिसळून ते तळं ‘शुद्ध’ केलं. पाणी घाण झालं ते त्या शुद्धीने.

सोयराच्या खोलीतही हाच उलटा न्याय चालतो. बाळंतिणीच्या डोळ्यापुढे ठिपके तरंगतात, नजर धूसर होते, आणि घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, सव्वा महिना होऊ दे. डोळा बाहेरून फारसा लालही नसतो, त्यामुळे फसगत होते. बाहुली मोठी करून पडदा पाहिला तर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. मग रक्ताची आणि गरज पडल्यास डोळ्यातल्या द्रवाची तपासणी होते. उपचार फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोलने, कधी डोळ्यात इंजेक्शन देऊन, कधी शस्त्रक्रियेने होतो. नुसती सूज समजून एकटं स्टिरॉइड दिलं तर बुरशी फोफावते. बाळंतिणीला अंधुक दिसू लागलं तर बारशाची वाट पाहू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि बाळंतपणात सलाईन किती दिवस होतं, हे त्यांनी न विचारताही सांगा.