गुढीची डहाळी

वसंताचे स्वागत करावयाचे म्हणजे ऋतू पाहुणा आणि आपण यजमान, असे आपण न बोलता गृहीत धरतो. स्वतःच्या अंगणात ते शोभतेही. सार्वजनिक बागेत यजमान कोण?

वडोदऱ्याची कमाटीबाग १८७९ साली झाली. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या हाती तेव्हा राज्यकारभाराची सूत्रेही आली नव्हती; ती १८८१ साली आली. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. जुन्या मराठी घरांतून मात्र आजही ‘आपली कमाटीबाग’ असेच म्हणतात. मराठीत ‘आमची’ हा शब्द ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, ‘आपली’ त्याला आत घेतो. हा भेद हिंदी-इंग्रजीत सहजी सापडत नाही, आणि आमच्या मते सार्वजनिक बागेचे सारे नीतिशास्त्र त्यात सामावले आहे.

फाल्गुनात कडुनिंबाची पाने पिवळी पडून गळतात. पाठोपाठ तांबूस कोवळी पालवी येते आणि चैत्रात बारीक पांढऱ्या मोहोराचा मंद सुगंध सुटतो. हे सारे आभाळातून थेंबही पडत नसताना घडते. मुळांनी गेल्या पावसाळ्याचे जमिनीत मुरलेले पाणी शोधलेले असते. वसंत ती शिल्लक खर्च करतो. झाड लावणारे हात तर कधीच निघून गेले.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी या झाडांखाली काही जण गुढीसाठी डहाळी मोडतात. एका डहाळीने झाडाचे काय बिघडते, असे ते विचारतात. फारसे काही बिघडत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. कडुनिंब मोठा चिवट. पण आमचा आक्षेप झाडाच्या वतीने नाही. जे सर्वांचे आहे ते एकट्याने तोडून आपल्या दारी उभारायचे आणि त्याला स्वागत म्हणायचे, येथे ओठांवर ‘आपली’ असते, हातांत ‘आमची’. आपल्या गुजराती शेजाऱ्यांचे वर्ष कार्तिकात सुरू होते, त्यांच्या दारी गुढी नसते. पण चैत्रात कडुनिंबाच्या मोहोराचा रस त्यांच्याकडेही घेतात. त्या झाडावर त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे. आणि जो नुसता सावलीत बसतो, त्याचाही.

पाडव्याच्या प्रसादाला लागणारा मोहोर झाडाखाली आपोआप सांडतो. तो वेचण्यात कोणाचेच काही जात नाही. (प्राजक्ताची भुईवर पडलेली फुले देवाला चालतात, हा आपल्या पूर्वजांचा संकेत आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो.) गुढीला मात्र डहाळीच हवी. ती खंडेराव मार्केटातून विकत आणली तर प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटते. पण विकणाऱ्या बाईने ती कोठल्या झाडाची आणली, हे आपण तिला कधी विचारीत नाही.