धर्माच्या गायीचे दात

धर्माची गाय आणि दात का नाय, असं आपण म्हणतो. लखनौत त्याच अर्थाने ‘दान की बछिया के दाँत नहीं देखे जाते’ असं ऐकू येतं. दोन्हीकडचा सल्ला एकच : फुकट मिळालंय ना, मग तपासत बसू नका. इथल्या मोहल्ल्यांतल्या मैदानांवर संध्याकाळी पोरांना हॉकी, क्रिकेट, फुटबॉल शिकवणाऱ्या माणसांविषयी विचार करू लागलो की हा सल्ला आडवा येतो. कधीकाळी स्वतः खेळलेली, आता नोकरी किंवा दुकान सांभाळून मैदानावर येणारी ही माणसं. फी घेतली तर नावापुरती. अशा माणसाला ‘तुम्ही शेवटचं नवं काही कधी शिकलात?’ असं विचारायचा हक्क कुणाला आहे?

मला वाटतं, मुलांना आहे. आणि ती विचारू शकत नाहीत, हीच अडचण आहे. ज्येष्ठातल्या मंगळवारी, बडा मंगलला, या शहरात चौकाचौकात भंडारे लागतात. पुरी-भाजी, सरबत, येईल त्याला. फुकट आहे म्हणून भाजी कालची चालेल, असं कुठलाही भंडारेवाला म्हणणार नाही. शिवाय भाजीला वास आला तर मोठा माणूस द्रोण बाजूला ठेवू शकतो. नऊ वर्षांच्या मुलाला ती सोय नाही. सर सांगतील ते खरं, या भरवशावर तर घरच्यांनी त्याला पाठवलेलं असतं.

खेळातलं ज्ञान शिळं होतं हे पुष्कळांना पटत नाही. सरावात पाणी मागणारा पोरगा नाजूक, ही समजूत एके काळी शिस्त म्हणून शिकवली जाई. आज आपण तिला धोका म्हणतो. 2015 साली अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारायला मनाई केली; पुढे 2020 मध्ये इंग्लंडनेही प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढायला सांगितलं. त्याआधी जे हेडिंग शिकवत होते ते दुष्ट नव्हते. पण आज हे कानावर न घेता जो शिकवतो, त्याच्याबद्दल तेच म्हणता येईल का?

हॉकीचं उदाहरण तर घरचंच आहे. हजरतगंजाजवळच्या स्टेडियमला ज्यांचं नाव आहे ते के. डी. सिंह ‘बाबू’ बाराबंकीचे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार आणि 1972 च्या म्युनिक संघाचे प्रशिक्षक. त्या पिढीचा खेळ गवतावर घडला होता. 1976 मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि 1928 पासून प्रत्येक वेळी पदक आणणारा भारत सातवा आला. कारणं अनेक होती, पण एक तर उघड होतं : चेंडू वेगळा धावत होता आणि आपण जुन्याच चेंडूसाठी तयार झालो होतो. गवतावरच्या गुरूचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या पायाखालची जमीनच बदलली. शिकवणाऱ्याने पुन्हा शिकायला बसावं, यात त्याच्या आधीच्या कर्तृत्वाचा अपमान कसा होतो, हे मला कधी कळलेलं नाही.

यावर उत्तर येतं : कागदाने कोणी वस्ताद होत नाही. खरं आहे. पण याच शहरात 1926 मध्ये भातखंड्यांनी मॅरिस कॉलेज उभं केलं तेव्हा, घराण्यांत बंद असलेली विद्या क्रमिक पुस्तकांत मावते का, हाच वाद होता. वाद आजही मिटलेला नाही आणि त्यात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मला त्यात अभ्यासक्रमापेक्षा वेगळीच गोष्ट मोठी वाटते. पेशाने वकील असलेला हा मुंबईकर 1904 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, दक्षिणेतल्या विद्वानांना प्रश्न विचारत हिंडत होता. पुढे उस्तादांकडून बंदिशी गोळा करत राहिला. शिकवण्याआधी विचारण्याची सवय होती.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तिथे माझा आवाज खाली येतो. पतियाळाची क्रीडा संस्था 1961 पासून प्रशिक्षक घडवते आहे. तिचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. पण रोजावर पोट असलेल्याने सहा आठवडे कुठून आणायचे? कागद नसेल त्याने मैदानावर उभं राहू नये, असा नियम उद्या झालाच, तर महागड्या अकादम्या टिकतील आणि मोहल्ल्यातलं मैदान ओस पडेल. शिळ्या शिकवणीपेक्षा उपास बरा, असं मी त्या मुलांना सांगू धजणार नाही.

म्हणून ज्ञानानेच मैदानावर यावं. पगारी, पात्र प्रशिक्षक शहरात आहेत. महिन्यातल्या एका रविवारचे दोन तास फार नव्हेत. एका बाबतीत मात्र सवलत नको. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची सक्ती केली आहे, आणि ‘मला ठाऊक नव्हतं’ हे तिथे उत्तर होत नाही. मुलीची उभं राहण्याची ढब सुधारताना तिच्या खांद्याला हात लावण्यापूर्वी विचारावं, हे शिकायला तर पतियाळाही लागत नाही.

बाकीची सुरुवात उन्हापासून करावी. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपलीकडे जातो आणि उन्हाळी शिबिरंही नेमकी तेव्हाच भरतात. संध्याकाळचा सराव पाचला सुरू करायचा की साडेसहाला, एवढ्यावरच पहिला रविवार सहज जाईल.