राक्षसाची कीव

गेल्या पावसाळ्यात खेड तालुक्यातील एका लहान मंडळीत उपासना आटोपल्यावर आम्ही पडवीत बसलो असता एका तरुण बंधूने आम्हांस एक प्रश्न केला. त्याने सन २०१८ साली निघालेला 'तुंबाड' हा बोलपट आपल्या मोबाइलवर पाहिला होता. तुंबाड हे गाव आमच्याच जिल्ह्यातले. श्री. ना. पेंडसे ह्यांची 'तुंबाडचे खोत' ही कादंबरी सन १९८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ते नाव दूरवर ठाऊक झाले. बोलपटाची गोष्ट मात्र त्या कादंबरीची नव्हे, ती निराळी व कल्पित आहे. तीत एक शापित म्हातारी आहे. हस्तर नामक दैत्याचा स्पर्श झाल्यामुळे तिचा देह सडत राहिला आहे, परंतु मरण येत नाही, आणि घरच्यांनी तिला साखळदंडाने बांधून ठेविले आहे. विनायक नावाचा मुलगा लहानपणी तिच्या तावडीतून थोडक्यात वाचतो. तो मोठा होऊन खजिन्याचे रहस्य विचारण्यास परत येतो, तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेले असते; आणि ती त्याच्यापाशी एवढेच मागते की, मला एकदाचे मरण दे.

तो तरुण म्हणाला, "पाळकसाहेब, ती माणसे खाणारी. तरी मला तिची कीव आली. हे चुकले काय?"

आम्ही त्यास तत्काळ उत्तर दिले नाही. कारण हा प्रश्न आम्हांस स्वतःसच सेमिनरीत असता पडला होता, व तेव्हा आम्ही तो अर्धवट सोडून दिला होता.

त्या दिवसांत आमच्या हाती 'फ्रँकेन्स्टाइन' ही इंग्रजी कादंबरी आली. ती मेरी शेली ह्या बाईने सन १८१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी लिहावयास घेतली व सन १८१८ साली छापून काढिली. पुष्कळ लोक राक्षसासच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, ही चूक आहे. ते नाव त्याला घडविणाऱ्या विद्यार्थ्याचे, व्हिक्टरचे. त्याने मेलेल्या माणसांचे अवयव जोडून एक देह केला व त्यात प्राण घातला. आणि त्या देहाने डोळे उघडताच त्याचे रूप पाहून हा कर्ता भिऊन पळाला. राक्षसास त्याने नावसुद्धा ठेविले नाही.

पुढचे वर्णन वाचून आमचे हृदय कळवळले होते. तो जीव रानात भटकतो. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीशेजारी आडोशाला लपून, त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो. प्रथम तो त्यांच्या शिध्यातून चोरून खातो; परंतु ती माणसे स्वतःच उपाशी राहतात हे दिसताच चोरी सोडतो, कंदमुळांवर राहतो आणि रात्री त्यांच्यासाठी लाकडे तोडून दाराशी ठेवितो. घरातला आंधळा म्हातारा तेवढा त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्यास रूप दिसत नाही. इतक्यात म्हाताऱ्याचा मुलगा येतो व त्यास काठीने झोडून हाकलितो. पुढे तो बुडत्या मुलीस पाण्यातून काढितो, तर त्याचे इनाम म्हणून त्यास बंदुकीची गोळी मिळते.

येथवर कीव करणे सोपे आहे. पण मग तो व्हिक्टरच्या लहान भावाचा गळा दाबून जीव घेतो. एवढ्यावरही न थांबता, मेलेल्या मुलाच्या गळ्यातील तसबीर जस्टीन नावाच्या झोपलेल्या निरपराध मोलकरणीच्या कपड्यांत ठेवितो, आणि तिला फाशी होते.

आमचे एक सहाध्यायी म्हणत की, जगाने त्यास तसे केले, त्याचा काय दोष? हे आम्हांस तेव्हाही पटले नाही. उपाशी माणसाच्या शिध्यास हात लावू नये हे ज्याला आपणहून कळले, त्याला लेकराच्या गळ्यास हात लावू नये हे कळत नव्हते असे म्हणता येत नाही. त्याला निर्दोष ठरविणे म्हणजे त्यास पुन्हा पशू ठरविणे होय. कथेच्या शेवटी व्हिक्टरच्या प्रेताजवळ तो रडतो व स्वतःला दोषी म्हणतो. आमच्या मते तो तेथे सर्वांत अधिक माणूस दिसतो.

तथापि जस्टीनला फाशी झाली तेव्हा खरा मारेकरी कोण हे व्हिक्टर मनोमन जाणून होता. लोक आपणांस वेडा म्हणतील ह्या भयाने तो गप्प राहिला. (आम्हां पाळकांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, जस्टीनच्या धर्मगुरूने तिला बहिष्काराची व नरकाची भीती घालून खोटा कबुलीजबाब देण्यास भाग पाडिले.) गळा राक्षसाने दाबला, जीव घडवून वाऱ्यावर सोडिला व्हिक्टरने. हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. एकातून दुसरा वजा होत नाही. लोक मात्र नेहमी वजाबाकीच करितात. कोणी राक्षसाची कीव करून त्याचा खून माफ करितो, कोणी त्याच्या खुनाकडे बोट दाखवून आपले हात धुतो.

आपल्या कोकणात पाहा. सन १९१५ साली एन्थोवेन नामक अधिकाऱ्याने, जॅक्सन ह्यांनी जमविलेल्या माहितीवरून, कोकणच्या लोकसमजुतींची टिपणे छापली. माहिती पुष्कळशी खेड्यांतल्या शाळामास्तरांनी पुरविली होती. त्यांतील भुतांची नावे आपल्या आज्यांनी आपणांस सांगितलेलीच आहेत. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. लावसट म्हणजे विधवा. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. खवीस म्हणजे कोठे परधर्मी, तर कोठे गावकुसाबाहेरचा मेलेला माणूस. भुते मुळी नाहीत हे आम्ही उपदेशात सांगतोच. पण ही यादी खोटी नाही. ज्यांच्या वाट्यास जिवंतपणी गावाची माया कमी आली, बहुधा त्यांचीच भुते होतात असे ती सांगते. बाळंतीण का मेली, सुईण वेळेवर का आली नाही, हे कोणी विचारीत नसे. ती परत येऊ नये म्हणून खिळे ठोकीत व वाटेवर धान्य फेकीत.

शुभवर्तमानातील कबरांत राहणारा तो भूतग्रस्त मनुष्य वाचकांस आठवत असेल. गावाने त्यास बेड्या घालून पाहिल्या होत्या. प्रभूने त्यास नाव विचारले.

आता आम्ही आमचे सांगतो. आम्ही नवे उपदेशक असता एका वाडीत दर पंधरवड्यास जात असू. वाडीच्या टोकाशी एक एकटी विधवा राहत असे. दोन घरची मुले तापाने गेली, तेव्हा ती चेटकी आहे असे लोक म्हणू लागले. विहिरीवर तिला पाणी भरू देत नसत. सन २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा झालेला नव्हता; तथापि कायदा नव्हता म्हणून आम्हांस कळत नव्हते असे नव्हे. ज्या घरी आम्ही जेवत असू, त्याच घरचे लोक ही कुजबुज करीत. आम्ही खाली मान घालून जेवलो.

पोरे तिला पाहून ओरडत व खडे मारीत. वर्षभराने तिनेही दगड उचलावयास आरंभ केला. एके दिवशी तिने फेकलेला दगड सात वर्षांच्या एका मुलास लागून त्याचा डावा डोळा गेला. ते मूल खडे मारणाऱ्यांत नव्हते. ते शाळेतून येत होते. लोकांनी तिला वाडीतून हाकलून लाविले. ती कोठे गेली ह्याची चौकशी आम्ही केली नाही. उलट बरेच झाले, असे आमच्या तोंडून त्या दिवशी निघाले.

तो मुलगा आज बापई माणूस आहे, रत्नागिरीस कामाला असतो व सणावारी उपासनेस येतो. ह्या तरुणाच्या प्रश्नानंतर आम्ही त्याची भेट घेतली व तेव्हा जे जाणून आम्ही गप्प राहिलो ते त्यास सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिने दगड मारायला नको होता." आम्ही म्हणालो, खरे आहे. थोड्या वेळाने त्याने विचारले, "तिचे नाव काय हो होते?"

आम्हांस ते ठाऊक नव्हते.